साठाखोलीतला मे महिना
लेखमाला : सुरक्षित प्रयोगशाळा (लेखांक ४)

मागच्या तीन लेखांत आपण प्रयोगशाळेच्या पुढच्या भागात वावरलो : प्रयोगाचं टेबल, फ्यूम हूड, डोळे धुण्याचा नळ. आज मागच्या दारातून आत जाऊ. तिथे एक अरुंद खोली असते. छतापर्यंत फळ्या, एखाद्या बंद पडलेल्या एक्झॉस्ट पंख्याचं भोक, कुलूप आणि किल्ली परिचराकडे. हीच साठाखोली. अपघात टेबलावर घडला तरी त्याची तयारी बहुधा इथे झालेली असते, आणि खानदेशात ती तयारी उन्हाळा करतो.

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा परिसर आपल्या धरणगाव तालुक्यात, गिरणेच्या काठी बांभोरीच्या शिवारात आहे. १९९० साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या कक्षेत जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे येतात. विद्यापीठातल्या रसायनशास्त्राच्या आणि रासायनिक तंत्रज्ञानाच्या प्रयोगशाळा, शिवाय अमळनेर, चोपडा, शिरपूर, धरणगावच्या महाविद्यालयांतल्या प्रयोगशाळा या सगळ्यांचं हवामान एकच : मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर. सुरक्षेचा विचार इथे या आकड्यापासूनच सुरू करावा लागतो.

पुस्तकातली खोली आणि आपली खोली

बाटल्यांवर 'थंड व कोरड्या जागी ठेवा' असं छापलेलं असतं. ते लिहिणाऱ्याच्या मनात वीस-पंचवीस अंशांची खोली असते. आता आपल्या फळीवरच्या बाटल्या पाहू. डायएथिल ईथर ३४.६ अंशांना उकळतं, पेंटेन ३६ अंशांना, डायक्लोरोमिथेन ४० अंशांना. म्हणजे वैशाखातल्या दुपारी पत्र्याखालच्या किंवा पश्चिमेच्या भिंतीला टेकलेल्या खोलीत ही द्रवं कोणी न तापवता उकळीच्या पलीकडे गेलेली असतात. झाकण घट्ट असेल तर बाटलीत दाब चढतो आणि सैल असेल तर वाफ खोलीत येते. ईथरची वाफ हवेपेक्षा अडीचपटीहून जड. ती वर जात नाही, जमिनीलगत सरकत दाराखालून शेजारच्या खोलीतल्या हीटरपर्यंत किंवा स्विचच्या ठिणगीपर्यंत पोहोचू शकते. अ‍ॅसिटोनचा उत्कलनबिंदू ५६ अंश असल्यामुळे ते सुरक्षित वाटतं. पण वीस अंशांना त्याचा जो बाष्पदाब असतो, तो पंचेचाळीस अंशांना जवळजवळ पावणेतीनपट होतो.

अमोनियाची बाटली जवळून पाहण्यासारखी आहे. तीव्र अमोनिया म्हणजे पाण्यात विरघळवलेला वायू, आणि उष्णता वाढली की तो पाण्यातून सुटू लागतो. भर उन्हाळ्यात अडीच लिटरची बाटली फळीवरून काढली, तोंड आपल्याकडे ठेवून झाकण फिरवलं, तर आतला वायू द्रावणासकट कारंज्यासारखा उसळून थेट डोळ्यांवर येतो. रीत साधी आहे. बाटली बर्फाच्या पाण्यात अर्धा तास ठेवायची, फ्यूम हूडमध्ये न्यायची, चष्मा आणि हातमोजे घालायचे, झाकणावर ओलं फडकं टाकायचं, तोंड आपल्यापासून दूर धरायचं आणि झाकण हळूहळू सैल करायचं. जुन्या परिचरांना हे तोंडपाठ असतं. मात्र ते निवृत्त होतात, शिक्षकेतर पदं वर्षानुवर्षं रिक्त राहतात, आणि हे ज्ञान कोणत्याही जर्नलमध्ये लिहिलेलं नसतं. ते लिहून दारावर लावणं ही सुरक्षेतली पहिली गुंतवणूक आहे, आणि तिला एक रुपयाही लागत नाही.

ईथर उकळतं म्हणून ते फ्रीजमध्ये ठेवण्याची चाल सर्वत्र दिसते. घरगुती फ्रीजमध्ये या उपायापेक्षा अपाय मोठा ठरतो. ईथरचा ज्वलनांक उणे ४५ अंश आहे, म्हणजे बर्फाच्या कप्प्यातही त्याची वाफ पेट घेऊ शकते. आणि घरगुती फ्रीजच्या आत थर्मोस्टॅट असतो, दिव्याचा खटका असतो. दोन्हींतून ठिणगी पडते. बंद पेटीत वाफ आणि ठिणगी एकत्र आली की दरवाजा उडतो. ज्वलनशील द्रवांसाठी आतून ठिणगी न पडणारा खास फ्रीज मिळतो. तो परवडत नसेल तर ईथर उन्हाळ्यापुरतं आणूच नये. वर्षभराचं एकदम न मागवता जानेवारीत लागेल तेवढं अर्धा लिटर मागवावं. कोटेशनचा त्रास एकदा जास्त होईल, पण आगीची शक्यता त्याहून कितीतरी कमी होईल.

अकारविल्हे मांडणीचा धोका

बहुतेक साठाखोल्यांत बाटल्या इंग्रजी वर्णक्रमानं लावलेल्या असतात. सापडायला सोपं म्हणून. त्या क्रमात हायड्रॅझीन हायड्रेट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड जवळजवळ येतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचं रॉकेट-विमान याच दोन द्रव्यांवर आधारलेल्या इंधनावर उडत होतं, कारण ती एकत्र येताच स्वतःहून पेटतात. तसंच अ‍ॅसिटिक आम्ल, अ‍ॅसिटोन आणि अमोनियम नायट्रेट एकाच फळीवर येतात. वर्णक्रम रजिस्टरमध्ये ठेवावा, फळीवर मात्र स्वभावाप्रमाणे गट करावेत. ज्वलनशील द्रव पोलादी कपाटात. ऑक्सिडीकारक त्यांच्यापासून दूर. नायट्रिक आम्ल सेंद्रिय आम्लांपासून वेगळं, प्लास्टिकच्या खोल ट्रेमध्ये. आम्लं डोळ्यांच्या पातळीच्या खाली. सायनाइड कुलपात आणि आम्लापासून लांब, कारण दोघं एकत्र आली की हायड्रोजन सायनाइड वायू बनतो.

काही बाटल्या काळाबरोबर बिघडतात. ईथर आणि टेट्राहायड्रोफ्युरान प्रकाशात हवेशी संयोग होऊन पेरॉक्साइड बनवतात. उन्हाळा त्या क्रियेला वेग देतो. झाकणाच्या आट्यांत पांढरे स्फटिक दिसले तर ती बाटली हलवायचीसुद्धा नाही. विभागप्रमुखांना सांगायचं आणि खोली बंद करायची. प्राणिशास्त्राच्या विभागात पिक्रिक आम्ल असतं, बुइनचं द्रावण बनवण्यासाठी. ते पाण्यानं ओलं असेपर्यंत निरुपद्रवी वाटतं. मेच्या कोरड्या हवेत ते सुकलं की स्फोटक होतं, आणि झाकण फिरवताना आट्यांत होणारं घर्षणही त्याला पुरतं. म्हणून प्रत्येक बाटलीवर दोन तारखा हव्यात : आली कधी आणि उघडली कधी. उघडलेलं ईथर सहा महिन्यांत संपवायचं. न संपल्यास पेरॉक्साइडची चाचणीपट्टी लावून नोंद करायची.

कायदा आहे, पण तुकड्यातुकड्यानं

कारखान्याकडे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचं लक्ष असतं. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी शिरपूर तालुक्यात वाघाडी गावाजवळच्या रसायन कारखान्यात स्फोट होऊन माणसं दगावली तेव्हा शासनयंत्रणेला जाब विचारण्याची एक वाट तरी होती. विद्यापीठातल्या संशोधन प्रयोगशाळेला असा स्वतंत्र निरीक्षक नाही. म्हणून कायदाच लागू नाही असा समज पसरतो, आणि तो चुकीचा आहे. एकच मोठा कायदा नसला तरी अनेक कायदे प्रत्येक बाटलीपाशी येऊन थांबतात.

पेट्रोलियम कायदा १९३४ सालचा. हेक्झेन आणि पेट्रोलियम ईथर त्याच्या 'अ' वर्गात बसतात, कारण त्यांचा ज्वलनांक २३ अंशांखाली आहे. विक्रीसाठी नसलेला या वर्गाचा साठा ३० लिटरपर्यंत परवान्याशिवाय ठेवता येतो. स्वस्तात मिळतो म्हणून २०० लिटरचा ड्रम आणून मागच्या व्हरांड्यात ठेवला, तर प्रकरण नागपूरला मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेच्या कक्षेत जातं. दाबाखालच्या सिलिंडरांसाठी २०१६ चे गॅस सिलिंडर नियम आहेत. बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलमध्ये अ‍ॅस्पिरिन बनवायला लागणारं अ‍ॅसिटिक अ‍ॅनहायड्राइड हेरॉइन बनवण्यासाठीही वापरतात. म्हणून ते अमली पदार्थविरोधी कायद्याखालच्या २०१३ च्या आदेशानं नियंत्रित आहे. ते कोणाकडून घेतलं, किती वापरलं, किती उरलं हे दाखवता आलंच पाहिजे. गॅस क्रोमॅटोग्राफच्या काही शोधकांत किरणोत्सारी निकेल असतं, आणि तिथे अणुऊर्जा नियामक मंडळाचा संबंध येतो. टाकाऊ द्रवांना घातक कचऱ्याचे २०१६ चे नियम लागतात. त्यांप्रमाणे कचरा सर्वसाधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त साठवायचा नाही, नोंदवही ठेवायची, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून प्राधिकारपत्र घ्यायचं आणि कचरा अधिकृत वाहतूकदारामार्फत तळोजा किंवा रांजणगावसारख्या विल्हेवाट केंद्राकडे पाठवायचा.

ही यादी पाहून प्राचार्यांच्या पोटात गोळा येणं स्वाभाविक आहे. पण नीट पाहिलं तर या सगळ्या नियमांचा प्रश्न एकच आहे : तुमच्याकडे काय आहे, किती आहे, कुठे आहे आणि ते कुठे गेलं? या प्रश्नाचं उत्तर देणारी एक नोंदवही नीट असेल तर बहुतेक नियमांची पूर्तता तिच्यातूनच होते. ती नसेल तर भिंतीवरचं कोणतंही प्रमाणपत्र कामाचं नाही.

कोणाचीच नसलेली बाटली

आपल्या विभागांत डेड स्टॉक रजिस्टर काटेकोर असतं. खुर्ची, पंखा, तराजू यांची मोजणी दरवर्षी होते, आणि एक स्टूल कमी भरलं तर खुलासा द्यावा लागतो. रसायनांची नोंद मात्र 'कन्झ्युमेबल' म्हणून खरेदीच्या दिवशीच संपते. पुढे ती बाटली वापरली गेली की फळीवर पडून राहिली, हे कोणी विचारत नाही. त्यातच पीएच.डी. करणारा विद्यार्थी पाच वर्षांत स्वतः बनवलेल्या पदार्थांच्या शंभर छोट्या बाटल्या मागे ठेवून जातो. त्यांवर फक्त त्याची आद्याक्षरं आणि एक क्रमांक. वहीचा संदर्भ त्याच्याबरोबर गेला की आत काय आहे ते सांगणारं कोणी उरत नाही. विल्हेवाट केंद्रही अनोळखी पदार्थ सहजी घेत नाही.

अशा विसरलेल्या वस्तूची किंमत दिल्लीत मोजली गेली. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं कोबाल्ट-६० असलेलं एक उपकरण १९८५ पासून वापरात नव्हतं. त्याचा उपयोग जाणणारी माणसं विभागातून गेली. फेब्रुवारी २०१० मध्ये ते भंगार म्हणून लिलावात विकलं गेलं आणि मायापुरीच्या भंगार बाजारात कामगारांनी ते फोडलं. किरणोत्सारानं कित्येक जण भाजले, आजारी पडले आणि एकाचा मृत्यू झाला. निर्लेखनाच्या कागदावर सह्या होत्या. आत काय आहे हा प्रश्न मात्र कोणी विचारला नव्हता.

यावरचा उपाय आपल्या विद्यापीठात आजच करता येण्यासारखा आहे. प्रबंध सादर करण्यापूर्वी ग्रंथालयाचं आणि वसतिगृहाचं 'नो ड्यूज' लागतं, त्याच अर्जात साठाखोलीची एक ओळ वाढवावी. विद्यार्थ्यानं आपल्या सगळ्या बाटल्या मार्गदर्शकांसमोर नावानिशी सुपूर्द कराव्यात किंवा कचऱ्यात वर्गवारी करून द्याव्यात, आणि मगच सही व्हावी. एका ओळीनं दरवर्षी कितीतरी अनाथ बाटल्या टळतील.

तपासणीनंतरचे दोन महिने

नोंद झाली, त्रुटी सापडली, आणि पुढे काहीच झालं नाही तर काय होतं, हे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात दिसलं. ऑक्टोबर २००८ मध्ये तिथल्या एका प्रयोगशाळेची अंतर्गत तपासणी झाली. कर्मचारी अ‍ॅप्रन घालत नाहीत हे अहवालात लिहिलं गेलं. २९ डिसेंबरला शेरी सांगजी ही तेवीस वर्षांची संशोधन साहाय्यक टर्ट-ब्युटिल लिथियम सिरिंजनं काढत होती. हे द्रव्य हवा लागताच पेट घेतं. दट्ट्या निसटला, द्रव अंगावर सांडलं, आणि अंगातल्या कृत्रिम धाग्याच्या स्वेटरनं पेट घेतला. १६ जानेवारी २००९ रोजी तिचा मृत्यू झाला. पुढे विद्यापीठावर आणि प्राध्यापकांवर फौजदारी कारवाई झाली. त्रुटी माहीत असूनही ती दुरुस्त न होणं हे तिथल्या दुःखाचं मूळ होतं.

आपल्याकडे पंचेचाळीस अंशांत अ‍ॅप्रन घालायला मुलं कुरकुरतात आणि त्यांची तक्रार खरी आहे. टेरिलीनचा अ‍ॅप्रन घामानं चिकटतो, आणि पेटला तर वितळून कातडीला चिकटतो. कापसाच्या या मुलखात सुती अ‍ॅप्रनची सक्ती करणं अवघड नसावं. तो हवा खेळू देतो आणि जळताना वितळत नाही. मुलांना दटावण्याआधी त्यांना घालता येईल असा कपडा देणं ही संस्थेची जबाबदारी आहे.

सुट्टीपूर्वीचे पाच दिवस

सर्वात उष्ण आठवडे नेमके उन्हाळी सुट्टीचे असतात. खिडक्या बंद, मेन स्विच खाली, पंखा नाही, आणि महिनाभर कुलूप. म्हणून परीक्षा संपल्यावर पाच दिवस फक्त साठाखोलीसाठी राखून ठेवावेत. पहिल्या दिवशी प्रत्येक बाटली आधी न हलवता पाहून, आट्यांत स्फटिक नसतील तरच हातात घेऊन मोजणी. दुसऱ्या दिवशी तारखा आणि लेबलं. तिसऱ्या दिवशी न जुळणाऱ्यांची ताटातूट. चौथ्या दिवशी कचऱ्याची वर्गवारी : क्लोरीनयुक्त द्रावकं वेगळी, बाकीची वेगळी, आणि नायट्रिक आम्लाच्या कचऱ्यात अ‍ॅसिटोन किंवा अल्कोहोलचा थेंबही नाही. पाचव्या दिवशी ईथर आणि पेंटेनची जागा पाहणं, हवा खेळती ठेवणाऱ्या पंख्याला वेगळी वीजजोडणी आहे का ते तपासणं, आणि सुट्टीत आठवड्यातून एकदा दार उघडून पाहणाऱ्याचं नाव व फोन दारावर लावणं. मोजणीच्या वेळी परिचराला सोबत घ्यावं आणि यादीवर त्याचीही सही असावी. खोलीची सर्वात जास्त माहिती त्यालाच असते, आणि अपघातात सर्वात आधी तोच सापडतो.

एकेका महाविद्यालयाला चार-पाच लिटर कचऱ्यासाठी वाहतूकदार मिळणं कठीण जातं. तिथे विद्यापीठानं पुढाकार घ्यावा. संलग्न महाविद्यालयांसाठी सामायिक व्यवस्था ठरवावी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जळगाव कार्यालयाशी बोलून तिला रीतसर मान्यता मिळवावी. नाहीतर हा कचरा रात्रीच्या वेळी बेसिनमध्ये जातो, तिथून जमिनीत आणि गिरणेच्या काठच्या विहिरींत. त्या विहिरींचं पाणी पिणाऱ्यांनी कोणताही प्रयोग केलेला नसतो.

पुढच्या आठवड्यात याच कचऱ्याच्या कॅनपाशी थांबू : कोणत्या कॅनचं झाकण घट्ट लावायचं, कोणत्या कॅनला वाफ जाऊ देणारंच झाकण हवं, आणि लेबलवर नेमकं काय लिहायचं. तोपर्यंत आपल्या विभागातल्या वाचकांनी एक काम करावं. साठाखोलीत साधा तापमापक टांगावा आणि दुपारी तीनचा आकडा रोज रजिस्टरमध्ये लिहावा. पंख्याच्या किंवा कपाटाच्या मागणीअर्जाला तो तक्ता जोडला, तर लेखा विभागाला नाही म्हणणं जड जाईल.