मुठीतला खटका

कंपाऊंड धनुष्य ओढणाऱ्याची बोटं दोरीला लागतच नाहीत. दोरीवर, बाणाची खाच बसते तिथे, जाड दोऱ्याचा एक छोटा फास बांधलेला असतो. मैदानावर त्याला डी-लूप म्हणतात. मुठीत धरलेल्या धातूच्या वस्तूचा आकडा त्या फासात अडकवायचा आणि धनुष्य ओढायचं. आकडा निसटला की बाण सुटतो. या वस्तूला रिलीज म्हणतात. ती तळहातात मावते, खिशात राहते आणि दूरवरून पाहणाऱ्याला दिसतही नाही. धनुष्याविषयी लोक तासन् तास बोलतात, रिलीजविषयी फारसं कुणी बोलत नाही, म्हणून हा लेख.

5 ऑगस्ट 2023 रोजी बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम सामन्यात 15 बाणांत 150 गुण घेतले. पन्नास मीटरवरच्या आठ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात त्याचे सगळे बाण बसले. समोरच्या पोलंडच्या खेळाडूला 149 मिळाले, आणि तेवढ्या फरकावर जगज्जेतेपद ठरलं. त्याच दिवशी साताऱ्याची आदिती स्वामी सतराव्या वर्षी महिलांमध्ये जगज्जेती झाली. दोघांचाही सराव साताऱ्यातला, प्रवीण सावंत यांच्या हाताखालचा. त्या लढतींची चित्रफीत मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. कॅमेरा चेहरा दाखवतो, निशाणा दाखवतो, हवेतला बाणही दाखवतो. मी मात्र जबड्याखाली टेकलेली ती मूठ शोधत असतो, कारण 149 आणि 150 मधला फरक बहुतेक वेळा तिथे पडतो.

इतिहास थोडक्यात सांगतो. अमेरिकेतल्या मिसुरीच्या हॉलिस विल्बर ॲलन यांनी 1966 मध्ये कप्प्यांच्या धनुष्याच्या, म्हणजेच कंपाऊंडच्या, पेटंटसाठी अर्ज केला, 1969 मध्ये ते मिळालं. 1995 मध्ये जकार्त्याच्या जागतिक स्पर्धेत कंपाऊंड आलं, 2014 मध्ये इंचॉनला आशियाई खेळांत आलं आणि 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये मिश्र सांघिक प्रकारात येतं आहे. कप्प्यांमुळे धनुष्य पूर्ण ओढल्यावर हातावरचा भार एकदम उतरतो, याला लेट-ऑफ म्हणतात. स्पर्धेत जास्तीत जास्त 60 पाउंडांचं, म्हणजे सुमारे 27 किलोंचं धनुष्य चालतं. लेट-ऑफ 75 टक्के असेल तर नेम धरताना हातात उरतात फक्त 15 पाउंड. हा 15 चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बोटांनी का सोडत नाहीत? कंपाऊंडची लांबी कमी असते, त्यामुळे पूर्ण ओढल्यावर दोरीचा कोन अरुंद होतो आणि बोटं चिमटतात. शिवाय बोटांवरून घसरताना दोरी बाजूला ढकलली जाते, त्यामुळे बाण आडवा लवतो. आकड्यावरून दोरी एकाच बिंदूतून सुटते आणि जवळजवळ सरळ पुढे जाते. नियम एवढाच की रिलीज धनुष्याला कुठेही जोडलेला नसावा आणि त्यात विजेवर चालणारं काही नसावं.

हात आणि दोरी यांच्यामध्ये एखादी वस्तू ठेवण्याची कल्पना मात्र आजची नाही. चीनमध्ये आन्यांगला 1976 मध्ये फू हाओ या राणीची कबर सापडली, सुमारे सव्वातीन हजार वर्षांपूर्वीची. तिच्यात जेड दगडाची अंगठ्यात घालायची कडी होती आणि त्या कडीवर दोरीसाठी खाच होती. मध्य आशियात, तुर्कांत, मुघलांत दोरी अंगठ्यानेच ओढत. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात शाहजहानचा किताब कोरलेली अशी एक अंगठी आहे. तिच्यासमोर मी बराच वेळ रेंगाळलो होतो. दागिना म्हणून लोक तिच्याकडे बघत होते आणि मला तिची ती एका बाजूला पुढे आलेली जीभ दिसत होती, दोरी जिच्यावरून घसरत असणार. एकलव्याची गोष्टही या अंगाने वाचून पाहावी. अंगठा दिल्यावर त्याने बोटांनी बाण सोडले, पण पूर्वीची चपळाई उरली नाही, असं महाभारताच्या आदिपर्वात स्पष्ट म्हटलं आहे. अंगठा मागणाऱ्याला काय मागायचं ते नेमकं ठाऊक होतं. आणि खरा खटका हवा असेल तर चीनच्या पहिल्या सम्राटाच्या मातीच्या सैन्यात पाहा. तिथल्या आडव्या धनुष्यांचे कांस्याचे खटके सापडले आहेत. मोठा ताण धातूच्या एका बारीक कडेवर तोलून धरायचा आणि ती कड हलकेच सरकवायची, हेच त्यांचं तत्त्व. आजच्या रिलीजच्या पोटातही तेच आहे.

आता निवडीकडे येऊ. मनगटाला पट्टा बांधून तर्जनीने ओढायचा रिलीज अमेरिकेतल्या शिकाऱ्यांमध्ये फार चालतो, कारण तो हातातून पडत नाही. आपल्याकडे शिकारीचा प्रश्नच नाही. आपल्या मैदानांवर मुठीत धरायचे रिलीज दिसतात आणि त्यांत मुख्य जाती तीन: अंगठ्याच्या बटनाचा, ताण वाढला की सुटणारा, आणि हिंज. चांगला रिलीज धनुष्याच्या मानाने स्वस्त असला तरी मध्यमवर्गीय घराला विचार करायला लावतो, म्हणून विकत घेण्याआधी दुसऱ्याचा हातात धरून पाहावा. मॉडेलच्या नावाआधी माप पाहा. तीन बोटांचा की चार बोटांचा, आणि आकार लहान, मध्यम की मोठा? बोटांच्या पहिल्या आणि दुसऱ्या सांध्यांच्या मध्ये दांडा बसला पाहिजे आणि हाताची मागची बाजू सपाट राहिली पाहिजे. मूठ आवळावी लागली तर मनगट ताठ होतं, आणि ताठ मनगटाने सोडलेला बाण डावी-उजवीकडे फेकला जातो. वजनाबाबत माझं मत पितळेच्या बाजूने आहे. जड रिलीज हातात शांत बसतो, ॲल्युमिनियमचा हलका तुकडा हाताची प्रत्येक चुळबुळ पुढे पोचवतो.

अंगठ्याच्या बटनाचा रिलीज नव्याने मुठीकडे वळणाऱ्याला सोपा वाटतो, आणि तिथेच त्याचा धोका आहे. बटन अंगठ्याच्या टोकाखाली आलं की अंगठा ते दाबायला शिकतो. बटनाची दांडी सरकवून बटन अंगठ्याच्या बेचक्याकडे, निदान पहिल्या सांध्याच्या आत न्या. टोकाला संवेदना जास्त आणि ओढही जास्त, आतला भाग मंद असतो आणि इथे मंदपणाच हवा. स्प्रिंग कडक ठेवा. अंगठा बटनावर निर्धास्त टेकवता आला पाहिजे. हलका खटका म्हणजे अचूक खटका हा समज मैदानावर फार पसरलेला आहे. हलक्या खटक्यावर अंगठा ठेवायलाच भीती वाटते, मग तो हवेत तरंगतो आणि शेवटी धाडकन पडतो. बटनाची चाल मात्र कमीत कमी असावी. खटका सरकत सरकत जाऊ लागला की मन तो मोजायला लागतं.

ताणाच्या रिलीजमध्ये ओढताना एक सुरक्षा-बटन अंगठ्याने दाबून ठेवायचं. हात जबड्याशी स्थिरावला की ते सोडायचं आणि ओढ वाढवत न्यायची, ठरावीक भार ओलांडला की आकडा निसटतो. इथे तो 15 चा आकडा कामाला येतो. हातात 15 पाउंड उरत असतील तर रिलीज साधारण 18 च्या आसपास लावावा. फार जवळ लावला तर सुरक्षा-बटन सोडताच बाण जातो, फार दूर लावला तर खांदा थरथरायला लागतो. कप्प्यांची जुळणी किंवा धनुष्याचा भार बदलला की हातातला भारही बदलतो, म्हणजे रिलीज पुन्हा लावायला हवा. अनेकजण हे विसरतात आणि दोष बाणांना देतात.

आणि हिंज! माझं मन इथेच रमतं. याला बटन नाही, स्प्रिंगवरचा खटका नाही. आकडा एका खिळीवर फिरतो आणि त्याचं मागचं टोक अर्धचंद्राच्या आकाराच्या चकतीवर टेकलेलं असतं. चकती दांड्यात बसवलेली असते. मूठ किंचित फिरली की चकती फिरते, आकड्याचं टोक तिच्या कडेवरून घसरतं आणि बाण जातो. काही चकत्यांना सुटण्याच्या अलीकडे बारीक पायरी असते. टोक त्या पायरीवर उतरलं की ‘टिक्’ असा आवाज येतो, म्हणजे आता अगदी थोडं उरलं. ऑलिंपिकमधल्या रिकर्व्ह धनुष्याला क्लिकर नावाची पत्र्याची पट्टी असते. बाणाचं टोक तिच्यामागे गेलं की ती वाजते आणि मग बोटं सोडायची. दोन वेगळ्या धनुष्यांनी एकाच दुखण्यावर काढलेले हे दोन उपाय आहेत.

ते दुखणं म्हणजे टारगेट पॅनिक. नेमाचा ठिपका निशाणाच्या मधल्या पिवळ्या भागात शिरताच हात बाण सोडून मोकळा होतो, किंवा ठिपका पिवळ्याच्या खाली गोठतो आणि काही केल्या वर जात नाही. चांगले चांगले खेळाडू यात अडकतात. कारण सरळ आहे. ठिपका कधीच स्थिर नसतो, आणि ‘आत्ता!’ असं मनाने म्हणायचं ठरवलं की मन प्रत्येक हलण्याला घाबरायला लागतं. हिंजमध्ये ‘आत्ता’ म्हणायला जागाच नाही. ठिपका हलू द्यायचा, नजर मध्यावर ठेवायची आणि मूठ सावकाश फिरत राहते. म्हणून माझं ठाम मत आहे की सामन्यात पुढे काहीही वापरा, पण बाण सोडायला हिंजवर शिका.

हिंज लावणं हे सावकाशीचं काम आहे आणि ते धनुष्यावर सुरू करू नये. आधी मजबूत दोरीचा एक वेढा करा, इतक्या लांबीचा की एक टोक धनुष्याच्या हातात आणि दुसरं रिलीजमध्ये अडकवल्यावर शरीर पूर्ण ओढल्याच्या स्थितीत येईल. सगळे प्रयोग त्यावर करा. हिंज ओढताना मध्येच सुटला तर स्वतःची मूठ स्वतःच्या तोंडावर बसते. पुण्याजवळच्या एका मैदानावर ओठ फुटलेला मुलगा मी पाहिला आहे, आणि त्यानंतर कितीतरी दिवस त्याची ओढ चोरटी झाली होती. हे टाळण्यासाठी ओढताना भार तर्जनीवर घ्यायचा आणि अंगठा त्याच्यासाठीच्या छोट्या दांडीला लावून ठेवायचा, म्हणजे दांडा फिरत नाही. मूठ जबड्याच्या हाडाशी बसली, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या पेरांमध्ये हाड आलं, की मग अंगठा अलगद काढायचा.

चकतीचा स्क्रू ॲलन कीने सैल करून ती केसभर फिरवायची आणि पुन्हा घट्ट करायची. कुठल्या दिशेने रिलीज जलद होतो हे मॉडेलप्रमाणे बदलतं, म्हणून आधी पेनाने खूण करून ठेवा. सुरुवात नेहमी मंद बाजूने करा. अंगठा काढल्यावर लगेच ‘टिक्’ यावा आणि तिथून पुढे पाच-सात सेकंदांत बाण जावा, अशी जागा शोधायची. मान आणि खांदा भरून येत असेल, मनगट वाकवून सोडावं लागत असेल, तर रिलीज फार मंद आहे. अंगठा काढायलाच मन धजत नसेल तर फार जलद आहे. दुसऱ्याने लावून दिलेला हिंज तसाच वापरू नये. एकाच चकतीवर दोन हातांची बोटं वेगळा कोन करतात, त्यामुळे त्याला जो मंद तो तुम्हाला घातक ठरू शकतो.

मूठ फिरते कशाने यावर मैदानात जोरदार वाद होतात. हिंजला ‘बॅक टेन्शन’ म्हणायची पद्धत असल्याने अनेक प्रशिक्षक मुलांना सांगतात, पाठीचे स्नायू आवळ, बाण आपोआप जाईल. मी बरेच हात जवळून पाहिले आहेत आणि मला हे अर्धंच खरं वाटतं. पाठ ओढ कायम ठेवते, पण मूठ कडक असेल तर पाठ कितीही आवळली तरी दांडा तसूभर फिरत नाही. तर्जनी सैल पडते, भार मधल्या बोटाकडे आणि अनामिकेकडे सरकतो, आणि त्यानेच दांडा फिरतो. साताऱ्याकडच्या एका सरावात एक मुलगी बट्रेससमोर, म्हणजे बाण रुततात त्या फळीसमोर, चार-पाच पावलांवर, निशाणाचा कागद न लावता, डोळे मिटून बाण सोडत होती. प्रशिक्षक बाणाकडे पाहतच नव्हते. ते तिच्या मागे उभे राहून फक्त मनगटाची मागची बाजू बघत होते आणि एकच शब्द सांगत होते, “सैल.” इतकं नेमकं शिकवणं मी फार कमी ठिकाणी पाहिलं आहे.

काही गोष्टी खूप लहान आहेत, तरी सांगतो. डी-लूप झिजला की आकडा दरवेळी वेगळ्या जागी बसतो, म्हणून दोऱ्याचे तंतू दिसू लागताच तो बदलावा. रिलीज बदलला की मुठीची लांबी बदलते, म्हणजे धनुष्याची ड्रॉ लेंथ, ओढीची लांबी, पुन्हा पाहावी लागते, नाहीतर दोरीतल्या पीपमधून, म्हणजे नेमाच्या छोट्या छिद्रातून पाहताना मान पुढे काढावी लागते. एप्रिल-मेच्या उकाड्यात पितळ घामाने निसटतं आणि बोटांची जागा बदलते, त्याचा बाण सुटण्याच्या वेळेवर परिणाम होतो. टॉवेल जवळ ठेवा आणि उन्हात रिलीज पुन्हा तपासा. आणि दुसरा रिलीज अगदी तसाच लावून पिशवीत ठेवा, दोन्हींवर खूण एकाच जागी.

2028 च्या दृष्टीने मला वेगळाच प्रश्न पडला आहे. मिश्र सांघिक सामन्याच्या प्रत्येक फेरीत एक पुरुष आणि एक स्त्री मिळून चार बाण सोडतात आणि त्यांना वेळ असतो 80 सेकंद. रेषेवर येणं, बाण लावणं, मागे होणं, सगळं त्यातच. बाणामागे वीस सेकंदही पुरे मिळत नाहीत. वाऱ्यात ठिपका भरकटला आणि बाण उतरवून पुन्हा ओढायचा ठरवला, तर मंद लावलेला हिंज जोडीदाराचे सेकंद खातो. त्यामुळे हिंजवर वाढलेले काही खेळाडू सांघिक सामन्यासाठी अंगठ्याच्या कडक बटनाकडे वळतील किंवा चकती थोडी जलद करतील, असा माझा अंदाज आहे. बदल करायचाच असेल तर तो आत्ता करायला हवा. नव्या लावणीवर हात बसायला हंगाम जातो, आणि ऑलिंपिकच्या आधीचे हंगाम आता मोजकेच उरले आहेत.