फिलाडेल्फिया ते केडगाव

खराडीहून मुंढव्याचा पूल ओलांडून सोलापूर रस्त्याला लागलं, की यवतच्या पुढे चौफुला येतो. तिथून आत वळलं की केडगाव. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन इथे सव्वाशे वर्षांपासून उभं आहे. त्याच्या वाटेवर अमेरिकेतलं एक शहर लागतं.

सतराव्या शतकातले इंग्लंडचे क्वेकर पंथाचे ख्रिस्ती लोक देव आणि माणूस यांच्यामध्ये पाद्री मानत नसत, शपथ घेत नसत, शस्त्र उचलत नसत. त्यापायी हजारोंनी तुरुंग भोगला. बोस्टनमध्ये तर मेरी डायर या क्वेकर बाईला १६६० साली फाशी दिली गेली. विल्यम पेन हाही तुरुंगात जाऊन आलेला क्वेकर. राजा दुसरा चार्ल्स त्याच्या वडिलांचं सोळा हजार पौंडांचं देणं लागत होता. त्यापोटी १६८१ मध्ये पेनला लेनापे लोकांच्या भूमीतला मोठा मुलूख मिळाला. पुढच्याच वर्षी फिलाडेल्फियाची उभारणी सुरू झाली. एक देव मानणाऱ्या कुणाचाही उपासनेवरून छळ होणार नाही, असा कायदाही झाला. सत्तेची पदं मात्र ख्रिस्ती पुरुषांपुरतीच राहिली.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला रमाबाई याच शहरात आल्या. आनंदीबाई शिकल्या ते महिला वैद्यकीय महाविद्यालय उभारण्यात क्वेकरांचा मोठा वाटा होता. रमाबाईंचं उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरचं इंग्रजी पुस्तकही १८८७ मध्ये तिथेच छापलं गेलं. अमेरिकेतून मिळालेल्या मदतीवर १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन निघालं आणि पुढच्या वर्षी पुण्याला आलं.

ख्रिस्ती झालेल्या रमाबाई तिथे आपल्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करत. मुली येऊन बसत. १८९३ मध्ये त्यावरून वादळ उठलं, पालकांनी मुली काढून नेल्या. बाईंनी दार लावलं नाही. दुष्काळातून वाचवून आणलेल्या शेकडो मुलींसाठी त्यांनी केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभारलं. विहिरी, शेती, विणकाम, छापखाना, अंध मुलींसाठी ब्रेल असं सारं तिथे आलं. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथल्या बायकांनीच खिळे जुळवून छापलं. ते रमाबाईंच्या निधनानंतर, १९२४ मध्ये पूर्ण बाहेर आलं.

पेननं श्रद्धेला कायद्याचं संरक्षण दिलं. घरातून हाकललेल्या विधवेला तेवढं पुरत नाही. तिला छप्पर, भाकरी आणि हाताला काम लागतं. रमाबाईंना हे कळलं होतं, म्हणून धर्मस्वातंत्र्याच्या इतिहासात केडगावचं नाव फिलाडेल्फियाच्या बरोबरीनं घेतलं पाहिजे.