बझर आधी कुणाचा?

‘कौन बनेगा करोडपती’ ३ जुलै २००० ला सुरू झालं आणि सामान्यज्ञान हा चारचौघांत बसून, आरडाओरडा करत खेळायचा प्रकार आहे हे बल्लारपूरच्या आमच्या गल्लीला पहिल्यांदा कळलं. तोवर आमच्याकडे गाण्याच्या भेंड्या होत्या, आजीची कोडी होती आणि दूरदर्शनवर कधीमधी सिद्धार्थ बसूंचं ‘क्विझ टाइम’ बघितलेलं होतं. ते सगळं इंग्रजीत. मास्तरांची पोरं उत्तरं ऐकायची, आम्ही बसूंचा कोट बघायचो. व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये गाड्या आणि हाणामाऱ्या होत्या. प्रश्न विचारणारं मशीन तिथं कधी आलं नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईचा हर्षवर्धन नवाथे पहिला करोडपती झाला. मराठी आडनाव, त्यात नागरी सेवा परीक्षेची तयारी करणारा मुलगा. मग काय, घरोघरचे वडील एका रात्रीत प्रश्नमंजुषेच्या बाजूचे झाले. इअरबुकं घरात आली. रात्री नऊला टीव्हीसमोर दोन पार्ट्या पडायच्या आणि बच्चनसाहेबांच्या आधी आमचं ‘लॉक’ होऊन जायचं. पैसे कुणाचेच नव्हते, भांडणं मात्र खरी व्हायची.

यंत्रावरचा खेळ आला तो पाच-सहा वर्षांनी. आमच्यातल्या एकाचा भाऊ पुण्याहून प्लेस्टेशन घेऊन आला, सोबत ‘बझ!’ नावाचा खेळ. २००५ मध्ये ब्रिटनमध्ये निघालेला. चार जणांना चार बझर. प्रत्येक बझरच्या डोक्यावर मोठं लाल बटण आणि खाली उत्तरांसाठी चार रंगांची चार बटणं. ते हातात घेतलं की माणूस आपोआप हुशार दिसायचा. अडचण एवढीच की तो खेळ संगीताचा होता आणि प्रश्न सगळे विलायती बँडवाल्यांचे. कोळसा आणि कागदाच्या गावात त्यांना कोण ओळखणार? डोळे मिटून रंग दाबायचे आणि जिंकलं की ‘माहीत होतं’ म्हणायचं, असं दोन संध्याकाळी चाललं. तिसऱ्या संध्याकाळी कंटाळा आला.

पण बझरची चटक लागली होती. आमच्यातला एक आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेडला होता. त्यानं पाटावर चार बटणं, चार रिले आणि चार बल्ब बसवले. रचना साधी, पण मला आजही भारी वाटते: जो आधी दाबेल त्याचा रिले ओढला जातो, स्वतःला तसाच धरून ठेवतो आणि बाकी तिघांच्या बटणांचा करंट तोडतो. एकच बल्ब लागतो. ‘मी आधी दाबलं’ हा वादच संपला. पुढच्या प्रश्नासाठी प्रश्न विचारणाऱ्याकडे एक वेगळं बटण, ते दाबलं की सगळं पुन्हा मोकळं. हे सारं बारा व्होल्टच्या बॅटरीवर, कारण ते दिवस लोडशेडिंगचे होते. शेजारी दुर्गापूरला २,३४० मेगावॅटचं औष्णिक केंद्र धूर सोडतंय आणि आम्ही अंधारात बॅटरीवर प्रश्न विचारतोय, हा विनोद कुणी करायचीही गरज नव्हती.

त्या पाटावर पहिल्यांदा आमचे स्वतःचे प्रश्न आले, आणि मला वाटतं खेळ खरा सुरू झाला तो तेव्हाच. चांद्याची, म्हणजे चंद्रपूरची पोरं विचारायची, महाराष्ट्रातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान कोणतं? ताडोबा, १९५५. गडचिरोलीकडची म्हणायची, ‘हे का प्रश्न होय गा?’ आणि त्यांचा जिल्हा चांद्यापासून कधी वेगळा झाला ते तारखेसह मागायची. २६ ऑगस्ट १९८२. भामरागडचा एक मित्र होता, कॉलेजसाठी आलेला. तिथं मिळणाऱ्या तीन नद्या एका दमात सांगा, हा त्याचा हुकमी प्रश्न. इंद्रावती, पर्लकोटा इथवर आम्ही धावत जायचो. पामुलगौतमवर हमखास अडायचो. तो शांतपणे रिसेटचं बटण दाबायचा.

मग नोकऱ्या लागल्या, पाट कुठल्याशा माळ्यावर गेला. २०१८ च्या सुरुवातीला मोबाईलवर थेट प्रश्नमंजुषेची लाट आली. अमेरिकेतल्या ‘एचक्यू’च्या पाठोपाठ आपल्याकडे ‘लोको’, ‘ब्रेनबाझी’. ठरल्या वेळी लाखो लोक एकाच वेळी खेळणार, प्रश्नाला मोजून काही सेकंद, चुकला तो बाहेर, शेवटपर्यंत टिकतील त्यांच्यात बक्षीस वाटून. आम्ही नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीतून फोनवर एकमेकांना उत्तरं ओरडून सांगायचो. भामरागडचा मित्र तेव्हा गावी परतला होता. त्याच्याकडे प्रश्न उघडायच्या आत वेळ संपायची. गोल फिरत राहायचं आणि हा बाद. त्याच वर्षी हेमलकशाचे डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे केबीसीच्या हॉट सीटवर बसले. ‘आमचा तालुका बच्चनपर्यंत पोचला, टॉवर काही आमच्यापर्यंत पोचला नाही,’ असं तो म्हणाला. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेलं की भामरागडचा रस्ताच तुटतो, तिथं खेळाची काय कथा. ती लाट तशीही लवकरच ओसरली. मला तिची हळहळ नाही. लाखोंच्या त्या खेळात समोरच्याचा चेहरा दिसत नव्हता.

सध्याचा खेळ टेलिग्रामवर चालतो. २०२० मध्ये तिथं क्विझची सोय आली आणि एमपीएससी, पोलीस भरती, वनरक्षक भरतीची पोरं तिच्यावर तुटून पडली. अभ्यासिकेतून उठून चहाच्या टपरीवर जायचं आणि तिथंही फोन काढून वेळ लावून भिडायचं. त्यात गडचिरोलीच्या पोलीस भरतीत गोंडी आणि माडिया भाषांचा वेगळा पेपर असतो. पुण्यात छापलेल्या गाईडांवर पोसलेली शहरी पोरं तिथं गप्प बसतात आणि एटापल्ली-भामरागडची पोरं वाचायच्या आत बटण दाबतात. आमचा मित्र आता याच पोरांना प्रश्न काढून देतो. त्याच्या गटावर कमलापूरचा हत्ती कॅम्प असतो, सिरोंच्याजवळच्या वडधमचे जीवाश्म असतात, वर्धा आणि वैनगंगा मिळून कोणती नदी होते तेही असतं. ताजमहाल क्वचितच.

गेल्या दिवाळीला पाट माळ्यावरून काढला. इलेक्ट्रिशियननं बल्बांच्या जागी एलईडी बसवले, एक रिले बदलला. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला आमची पोरं, आणि प्रश्न विचारायला भामरागडवाला. पामुलगौतम यावेळी आम्हाला पाठ होती, पण पोरांचं बोट प्रश्न अर्धा व्हायच्या आत बटणावर. आम्ही हरलो, तर्री-पोह्यांचं बिल भरलं. प्रश्न पूर्ण ऐकल्याशिवाय बटण दाबलं तर गुण कापायचे, असा ठराव आमच्या बाजूनं मांडला आहे. पोरांना तो मान्य नाही.