देवबाग

देवबाग हे महाराष्ट्रातील सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मालवण तालुक्यातील किनारी गाव आहे. मालवण शहराच्या दक्षिणेस, तारकर्लीच्या पुढे, अरबी समुद्र आणि कर्ली नदी यांच्यामधील वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर ते वसले आहे. शांत किनारा आणि सूर्यास्त यांसाठी ते ओळखले जाते.

भूगोल

सह्याद्रीतून येणारी कर्ली नदी समुद्राजवळ आल्यावर किनाऱ्याला समांतर दक्षिणेकडे वाहते आणि देवबागच्या टोकाशी समुद्रास मिळते. समोरच्या तीरावर वेंगुर्ले तालुक्यातील भोगवे हे गाव आहे. संगमाजवळ ओहोटीच्या वेळी वाळूचे उंचवटे उघडे पडतात. त्यांपैकी एक ‘सुनामी आयलंड’ या नावाने परिचित आहे. पट्टीवर माड व सुरूची झाडे असून घरे त्यांच्या सावलीत आहेत.

सूर्यास्त

पट्टी दक्षिणोत्तर असल्याने सूर्य नदीच्या बाजूने उगवतो आणि समुद्रात मावळतो. मावळण्याची जागा वर्षभर सरकत असते: जूनमध्ये ती पश्चिमेच्या सुमारे २४ अंश उत्तरेस, तर डिसेंबरमध्ये तितकीच दक्षिणेस असते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर आधारित आहे. देवबाग त्याच्या सुमारे ९ अंश पश्चिमेस असल्याने येथील स्थानिक वेळ घड्याळाच्या सुमारे ३६ मिनिटे मागे असते. त्यामुळे डिसेंबरमध्येही सूर्य सायंकाळी सहानंतर मावळतो. पावसाळ्यात क्षितिज बहुधा ढगांनी झाकलेले असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सूर्यास्त पाहण्यास अधिक अनुकूल असतो.

किनाऱ्याची धूप

ज्या अरुंदपणामुळे गावाला दोन्ही बाजूंनी पाणी लाभले, त्याच अरुंदपणामुळे ते असुरक्षितही आहे. पावसाळ्यात एकीकडून उधाणाच्या लाटा आणि दुसरीकडून नदीचा पूर वाळू वाहून नेतात. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात मालवण किनारपट्टीची मोठी हानी झाली. घरे व बागा वाचवण्यासाठी दगडी धूपप्रतिबंधक बंधारे बांधले जातात. मात्र अशा बंधाऱ्यावर आपटून परतणाऱ्या लाटा त्याच्या पायथ्याची वाळू खरवडतात. त्यामुळे बंधाऱ्यामागची जमीन टिकली तरी पुढची पुळण आक्रसू शकते. रापण ओढणे, होड्या किनाऱ्यावर घेणे आणि मासळी वाळवणे यांसाठी मच्छीमारांना हीच पुळण लागते. पर्यटनही तिच्यावरच अवलंबून आहे.

पर्यटन

मासेमारीबरोबरच घरगुती निवास व न्याहारी, नौकाविहार आणि जलक्रीडा ही येथील उपजीविकेची साधने आहेत. पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात. संगमाजवळ भरती-ओहोटीचा प्रवाह जोरदार असल्याने तेथे पोहणे धोक्याचे असते. कोकण रेल्वेवरील कुडाळ स्थानकावरून मालवणमार्गे देवबागला जाता येते. चिपी येथील सिंधुदुर्ग विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला.