खूणक्रमांक परत केव्हां घ्यावा?

संगणकावर एकाच वेळीं अनेक आज्ञावल्या चालतात, आणि सारी स्मृति आपलीच आहे अशी प्रत्येकीची समजूत असते. दोघींनीं एकच पत्ता उच्चारला तरी प्रत्यक्ष जागा निराळ्या निघतात. पत्त्यांचीं हीं भाषांतरें परस्परांत मिसळूं नयेत म्हणून त्यांवर खूणक्रमांक घातलेला असतो. एआरएम जातीच्या प्रोसेसरांत तो ८ किंवा १६ बिटांचा, म्हणजे क्रमांक २५६ किंवा ६५,५३६. ते संपले कीं जुनीं भाषांतरें पुसून नवी पिढी सुरू करावयाची. घरचाच कारभार असल्यानें तें सोपें जातें.

बाहेरचीं उपकरणें आज्ञावलीच्या स्मृतींत थेट लिहूं लागलीं तेव्हां प्रश्न बिकट झाला. त्यांचा क्रमांक, ‘पासिड’, २० बिटांचा असतो. कोणाच्या वहींतून पत्ता शोधावा हें त्यावरून ठरतें. दहा लाखांहून अधिक क्रमांक असल्यानें तुटवडा नाहीं. अडचण परतीची आहे. देवळाच्या दारीं जोडे सांभाळणारा इसम बिल्ला परत आला एवढ्यावरून खण रिकामा समजत नाहीं. उपकरणाच्या रांगेंत जुनें काम शिल्लक असतां क्रमांक दुसरीस दिला, तर एकीचा मजकूर दुसरीच्या स्मृतींत उमटेल, आणि कोणास कळणारहि नाहीं.

त्यांत इंटेलनें उपकरणाच्या रांगेंत थेट काम टाकणारी आज्ञा आणली. ती पासिड प्रोसेसरमधील एका खणांतून उचलते. तेथें एकच क्रमांक मावतो, मग उपकरण कोणतेंहि असो. अर्थात् वाटप साऱ्या यंत्रासाठीं एकाच ठिकाणाहून करणें भाग पडलें.

लिनक्सच्या गाभ्यांत, म्हणजे कर्नेलमध्यें, २०२० च्या जानेवारींत निघालेल्या ५.५ आवृत्तींत याकरितां ‘आयओएसिड’ नांवाची यंत्रणा आली. क्रमांकांचे संच, स्वतंत्र वाटपकार, सोबत खाजगी माहिती, असा तिचा थाट गरजेहून मोठाच होता. क्रमांक कोण केव्हां सोडतो याची मोजदाद पुढें जड होऊं लागली. २०२२ च्या ५.१८ आवृत्तींत सरळ नियम झाला: प्रथम गरज पडतांच क्रमांक द्यावा आणि आज्ञावलीची स्मृति संपेपर्यंत तो तिचाच ठेवावा. परंतु ‘संपेपर्यंत’ म्हणजे नेमकें केव्हां? आरंभीं तो स्मृतीची आवराआवर होतांच सोडला जाई, आणि उपकरणाच्या चालकास त्यांतून क्रमांक पुसण्यास अवधि मिळत नसे. त्याच आवृत्तीच्या चांचणींत हें ध्यानांत आलें. मग स्मृतीच्या नोंदीवरील शेवटचा हक्क सुटेपर्यंत क्रमांक राखून ठेवण्यांत आला.

२०२३ मधील ६.४ आवृत्तींतून ‘आयओएसिड’ काढून टाकण्यांत आली. क्रमांक देण्याचें काम एका साध्या वाटपकारावर सोंपविलें गेलें.