मरळीचा गळ आणि खिशाला परवडणारी स्पर्धा

अमेरिकेत बास या एका माशावर अख्खा धंदा उभा आहे. रे स्कॉट नावाच्या विमा एजंटाने १९६७ साली आर्कान्सामधल्या बीव्हर तलावावर गळाची मोठी स्पर्धा भरवली, पुढच्याच वर्षी संघटना काढली आणि १९७१ पासून ‘बासमास्टर क्लासिक’ सुरू झाली. आज तिथले स्पर्धक ज्या बोटी घेऊन पाण्यात उतरतात, त्यातल्या एकीच्या किमतीत परंड्याकडे चार एकर रान सहज येईल.

बास आपल्याकडे नाही, पण त्याच्याच स्वभावाची मरळ आहे. दोघांनाही आडोसा लागतो, दोघेही दबा धरून बेडकावर तुटून पडतात आणि पिलांची राखणही करतात. मरळ वर हवेतही श्वास घेते. पाणी आटून चिखल उरला तरी ती तग धरते, म्हणून बाजारात ती टोपात जिवंत वळवळताना दिसते. धाराशिवसारख्या दुष्काळी जिल्ह्याला शोभणारा मासा हाच. तेलंगणाने मरळीला राज्यमाशाचा मान दिला. आपल्या राज्याने २०२३ मध्ये पापलेट निवडला. मराठवाड्याला कोण विचारतो!

गळाचा नाद साहेबाने आणला असं ज्यांना वाटतं, त्यांनी उमरग्याच्या पलीकडच्या बसवकल्याणची आठवण ठेवावी. चालुक्यांची कल्याणी ती हीच. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वराच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मत्स्यविनोदाचं स्वतंत्र प्रकरण आहे. गळ, दोरी, काठी, माशाला जागेवर आणायचा चारा, सगळ्याचा विचार त्यात केलेला आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी गेल्या शतकाच्या मध्याला त्यावर सविस्तर लिहिलं.

आता काठाकडे वळू. लोहारा तालुक्यातलं माकणीचं निम्न तेरणा धरण असो, परंडा तालुक्यातलं सीना-कोळेगाव असो, मरळ शोधायची ती भिंतीजवळच्या खोल पाण्यात नव्हे. फुगवट्याच्या उथळ टोकाला, जिथे बेशरमीची झुडपं अर्धी पाण्यात उभी असतात आणि लव्हाळा माजलेला असतो, तिथे सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर गुपचूप उभं राहायचं. श्वास घ्यायला ती वर येते आणि पाण्यावर वलय उमटवून जाते. ते वलय दिसलं की जागा कळली.

सामान थोडकं लागतं. सात फुटी दणकट काठी, साधं स्पिनिंग रीळ, तीस ते पन्नास पौंडांची विणलेली दोरी आणि पोकळ रबरी बेडूक. नायलॉनची दोरी ताणते, त्यामुळे गवतातून मासा ओढताना दगा देते. विणलेली ताणत नाही. बेडकाचे दोन्ही काटे पाठीला चिकटून वर वळलेले असतात, म्हणून तो गवतावरून घसरत येतो, अडकत नाही. मरळीने जबडा आवळला की रबर दबतं आणि काटे उघडे पडतात. पैसे घालायचे तर दोरीत आणि काट्यांत घाला. रिळाच्या चकचकाटाला मासा भुलत नाही.

बेडूक वलयाच्या पलीकडे टाकायचा, दोनदा टुणटुण ओढायचा आणि मग थांबायचं. झडप बहुधा थांबल्यावरच बसते. पाणी फुटलं की नवखा लगेच झटका देतो आणि रिकामा बेडूक अंगावर येतो. दोरी जड होऊन सरकू लागेपर्यंत दम धरा आणि मगच काठी उचला. त्यानंतर मात्र ढील द्यायची नाही, कारण मरळ गवताच्या मुळाशी शिरली की संपलं.

स्पर्धेला बोट हवीच असं कुठे आहे? अमेरिकेतच छोट्या होडक्यांच्या स्पर्धांत मासा वजनाला आणत नाहीत. मोजपट्टीच्या फळीवर ठेवून फोटो काढतात, लांबी नोंदवतात आणि तिथेच सोडून देतात. हीच रीत धाराशिवच्या काठावर चालेल. काठाचे पट्टे चिठ्ठ्या टाकून वाटायचे, प्रत्येकाच्या तीन मोठ्या माशांची लांबी धरायची, काट्यांच्या टोकांजवळचे उलटे दात आधीच पकडीने दाबून ठेवायचे. फळी आणि पकड यापलीकडे आयोजकाला खर्च नाही. मासा ओल्या हाताने धरायचा, हे मात्र नियमातच घालावं.

एक गोष्ट शहरातून येणारे हौशी विसरतात. तलाव मोकळा दिसला तरी मासेमारीचा ठेका बहुधा गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. मत्स्यबीज सोडायला पैसे तिनेच मोजलेले असतात. तेव्हा स्पर्धेची प्रवेश फी संस्थेच्या हाती द्यावी. हौशी माणूस काठावर असला तर सुरुंग लावणाऱ्यांवर आणि विष कालवणाऱ्यांवर नजरही राहते. १८९७ च्या कायद्याने हे दोन्ही गुन्हे आहेत.

तर आधी संस्थेच्या माणसाला भेटा, परवानगी घ्या, मगच काठी उघडा. आणि पावसाळ्यात पाण्यावर मरळीच्या लालसर पिलांचा थवा दिसला, तर खाली राखण करणारे आईबाप आहेत हे ओळखून तिथे बेडूक टाकू नका. ते झडप नक्की घालतील, पण भुकेपोटी नव्हे. आणि ते गेले की पिलं इतर माशांच्या तोंडी जातात.