संगणक बदलताय? आधी मागच्या वायरी बघा

बीडच्या सुभाष रोडपासून अंबाजोगाई, गेवराई, केजपर्यंत सेवा केंद्रं, डीटीपीची दुकानं आणि कर सल्लागारांची ऑफिसं यांना सध्या एकच प्रश्न पडलाय : संगणक बदलायचा का, आणि बदललाच तर कोणता घ्यायचा? निमित्त झालं १४ ऑक्टोबर २०२५ चं. त्या दिवशी विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार संपला. लिनक्स टाका, मॅक घ्या, सरळ लॅपटॉप उचला असे सल्ले ढीगभर मिळतात. पैसे मात्र दुकानदाराच्या गल्ल्यातून जातात. म्हणून आधी काही गैरसमज निस्तरू.

गैरसमज : विंडोज १० आता बंद पडणार.

वस्तुस्थिती : संगणक चालूच राहतो. थांबली ती सुरक्षेची नेहमीची डागडुजी. घरगुती वापराच्या संगणकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट्स घेण्याची सोय मायक्रोसॉफ्टने ठेवली. मायक्रोसॉफ्ट खात्याशी सेटिंग्ज जोडली की त्याचे पैसेही पडत नाहीत. पण ही फक्त मुदतवाढ आहे. डागडुजी न झालेल्या संगणकांचं काय होतं, हे जून २०१७ मध्ये न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरात दिसलं. ‘नॉटपेट्या’ या हल्ल्याने तिथल्या एका टर्मिनलचं संगणकीय काम कोलमडलं. हा व्हायरस पसरायला विंडोजमधलं जे खिंडार कामी आलं, त्याची दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झाली होती.

दुसरा फटका ब्राउझरचा. याआधी विंडोज ७ वर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती ठरली; २०२३ नंतर तिथे नवी आली नाही. आपलं निम्मं काम पोर्टलवर चालतं. त्यामुळे संगणक धडधाकट असूनही एक दिवस पोर्टलच उघडत नाही, अशी वेळ येते.

गैरसमज : मशीन हळू चालतंय, म्हणजे नवीनच घ्यावं लागणार.

वस्तुस्थिती : बऱ्याचदा दोष जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा असतो. तिच्या जागी एसएसडी बसवली आणि रॅम ४ जीबीवरून ८ जीबी केली, तर नव्या संगणकाच्या किमतीच्या लहानशा हिश्शात तेच मशीन टुणटुणीत होतं. विंडोज ११ साठी मात्र वेगापेक्षा वय बघतात. इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ नंतरचा लागतो आणि ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षेची सोय लागते. पुष्कळ मशीनमध्ये टीपीएम असतं, पण बायोसमध्ये बंद करून ठेवलेलं असतं. ‘तुमचा संगणक पात्र नाही’ असा संदेश आला की लगेच भंगारवाल्याला हाक मारू नका. आधी बायोस उघडून बघा.

गैरसमज : नवा संगणक आणला की थंब लगेच लागेल.

वस्तुस्थिती : थंब न लागण्याची तक्रार बीडमध्ये जास्त ऐकू येते, आणि तिचं कारण टेबलावर नाही, हातात आहे. कारखान्यांवरून परतलेल्या ऊसतोड मजुराच्या बोटांवरच्या रेघा कोयत्याने आणि पाचटाने झिजलेल्या असतात. तो यंत्रावर अंगठा दाबतो, पुसतो, पुन्हा दाबतो. मागे रांग वाढत जाते आणि शिव्या संगणकाला बसतात. लाखाचा संगणक घेतला तरी त्या रेघा उमटणार नाहीत. दुसरं बोट, यंत्राची स्वच्छ काच, डोळ्याच्या बुबुळाची किंवा चेहऱ्याची पडताळणी हे त्यावरचे उपाय. पीएम-किसानची ई-केवायसी २०२३ पासून मोबाइलवर चेहरा दाखवूनही करता येते. म्हणजे या कामासाठी संगणकच लागतो असंही नाही.

गैरसमज : लिनक्सवर मराठी चालत नाही.

वस्तुस्थिती : छान चालते. देवनागरी १९९१ पासून युनिकोडमध्ये आहे आणि इन्स्क्रिप्ट कळफलक विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींत असतो. सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने तर ‘बॉस’ नावाचं भारतीय लिनक्सच तयार केलं. केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर शिकवतात.

खरी अडचण जुन्या फायलींची आहे. लग्नपत्रिका, मतदारांच्या स्लिपा, पतसंस्थेचे अहवाल असा वीस वर्षांचा साठा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आणि पेजमेकरमध्ये पडून असतो. त्या पद्धतीत ‘क’च्या जागी प्रत्यक्षात इंग्रजी चिन्ह साठवलेलं असतं, फॉन्ट त्याला फक्त ‘क’चा मुखवटा चढवतो. फॉन्ट गेला की उरतो कचरा. मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेता येतो, पण जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावीच लागतात. शिवाय टॅलीप्राइम विंडोजसाठीच बनतं. इतर प्रणालींवर ते क्लाउडमार्फत वापरावं लागतं. तेव्हा फक्त ब्राउझर, पत्रं आणि तक्ते एवढंच काम असेल तर लिनक्स उत्तम. टॅली आणि पेजमेकरवर पोट असेल तर घाई नको.

गैरसमज : विंडोज दिसलं म्हणजे सगळं चालणार.

वस्तुस्थिती : इथे शिकलेलेही फसतात. २०२४ पासून स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे लॅपटॉप बाजारात वाढले. त्यांत विंडोज ११ असतं आणि बॅटरीही दांडगी चालते. पण त्यांचा प्रोसेसर एआरएम जातीचा. साधी सॉफ्टवेअरं अनुवादाच्या थरातून चालून जातात. ड्रायव्हरला ती सवलत नाही, तो त्या जातीसाठीच लिहिलेला लागतो. जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, थंबचं यंत्र, डिजिटल सहीचा डोंगल यांचे असे ड्रायव्हर आहेत का, हे पैसे मोजण्याआधी कंपनीच्या साइटवर बघा.

गैरसमज : मॅकला व्हायरस नाही आणि मरण नाही.

वस्तुस्थिती : २०१२ मध्ये ‘फ्लॅशबॅक’ने सहा लाखांहून जास्त मॅक पछाडले होते. मॅकबुक टिकाऊ असतं हे खरं. पण त्यासाठी अॅपलने सांगितलेलं भोवतालचं तापमान १० ते ३५ अंश आहे, आणि मे महिन्यात बीडचा पारा चाळिशीपार जातो. पत्र्याच्या गाळ्यात कुलरच्या दमट वाऱ्यात ते ठेवायचं का, हे आपलं आपण ठरवावं. रॅमही मागून वाढवता येत नाही. व्हिडिओ, छायाचित्रं किंवा संगीताचं काम असेल तर मॅकचा विचार जरूर करावा.

गैरसमज : लाइट जाते, म्हणून लॅपटॉपच बरा.

वस्तुस्थिती : लॅपटॉपला वीज कमी लागते आणि बॅटरी घरचीच, हे बरोबर. पण लाइट गेल्यावर राउटर बंद, प्रिंटर बंद. मग नुसता लॅपटॉप घेऊन काय करणार? आधी राउटरला छोटा यूपीएस लावा. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसच्या बॅटरीवर जोडू नका. तापताना तो एकदम मोठा भार ओढतो.

मग ठरवायचं कसं?

एका कागदावर तीन रकाने आखा : रोजचं काम, त्याला लागणारं सॉफ्टवेअर, जोडलेलं यंत्र. मग प्रत्येक ओळीपुढे नव्या संगणकावर ते चालतं की नाही, ते खात्री करूनच लिहा. कमाईचा मोठा भाग ज्या ओळीतून येतो, तिथे ‘नाही’ आलं तर बाकी नऊ ‘हो’ कामाचे नाहीत. लिनक्स आजमावायचं तर उबंटू किंवा मिंट पेनड्राइव्हवरून चालवा. डिस्कला हात न लावता प्रिंटर, स्कॅनर, वायफाय सगळं तपासता येतं.

बदल करायचाच तर जून-जुलैत करू नका. दाखल्यांची आणि पीक विम्याची गर्दी त्याच दिवसांत असते. दिवाळीनंतर करा, फायलींची प्रत दोन ठिकाणी ठेवा, आणि नव्यावर महिनाभर सगळी कामं सुरळीत होईपर्यंत जुनं मशीन विकू नका.